सामासिक अंतर: ९ × १५ च्या प्लॉटवर नवीन घर कसं बसवायचं? (नाशिक मनपा हद्द)

पाथर्डीफाटा

नमस्कार मंडळी. प्लॉटची माहिती आधी देते, म्हणजे उत्तर नेमकं मिळेल.

रुंदी ९.०० मीटर, खोली १५.०० मीटर, क्षेत्र १३५ चौ.मी. पूर्वमुखी. लेआउट मंजूर, एन.ए. (बिनशेती) झालेला, सातबारा स्वतंत्र. समोर लेआउटचा ७.५ मीटरचा रस्ता. दोन्ही बाजूंना आणि मागे प्लॉट, त्यातल्या उत्तरेच्या प्लॉटवर घर उभं आहे. बांधायचं तळमजला अधिक एक.

नकाशात समोर ३ मीटर, दोन्ही बाजूंना आणि मागे १.५ मीटर सोडलंय. तरी मनपाकडून त्रुटी निघाली: समोरचं सामासिक अंतर (मार्जिन, म्हणजे हद्द ते भिंत मोकळी सोडायची जागा) ९ मीटर रस्त्याच्या रेषेपासून दाखवा. रस्ता तर ७.५ चाच आहे. मग ९ कुठून आला? आणि तसं धरलं तर घराची खोली कमी होते. बाजूच्या दीड मीटरमध्ये काही सवलत मिळते का, तेही सांगा. उत्तरेच्या घरमालकांचं म्हणणं आहे की तीन फूट सोडले तरी चालतं.

नकाशाघर

ताई, आधी त्या ९ मीटरचं.

नाशिकमध्ये जुन्या लेआउटमधले बरेच रस्ते ६ आणि ७.५ मीटरचे आहेत. युडीसीपीआर (राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली) प्रमाणे ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर प्रीमियम एफएसआय (पैसे भरून मिळणारं वाढीव बांधकाम क्षेत्र) आणि टीडीआर (दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकामाचा हक्क) घेता येत नाही, प्लॉटच्या मूळ १.१० पटीवरच थांबावं लागतं. म्हणून महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली रस्त्याची नियमित रेषा ठरवून हे रस्ते ९ मीटर करण्याची वाट काढली गेली. दोन्ही बाजूंच्या प्लॉटमधून सारखी पट्टी जाते. रस्ता ६ चा असेल तर प्रत्येकी १.५ मीटर, ७.५ चा असेल तर प्रत्येकी ०.७५.

तुमच्या रस्त्याला अशी रेषा लागू असेल तर तुमच्या प्लॉटची समोरची हद्द कायद्याने ७५ सेंटीमीटर आत सरकली. समोरचे ३ मीटर तिथून मोजायचे, हद्दीच्या जुन्या दगडापासून नाही. त्रुटी बरोबर आहे.

हिशोब असा:
खोली: १५.०० − ०.७५ − ३.०० − १.५० = ९.७५ मी.
रुंदी: ९.०० − १.५० − १.५० = ६.०० मी.
जोत्याचं क्षेत्र ५८.५ चौ.मी.

रस्त्यात गेलेली पट्टी ९ × ०.७५ = ६.७५ चौ.मी. तिचा मोबदला एफएसआयच्या रूपाने मागता येतो. फक्त ती पट्टी मनपाच्या नावे करून द्यावी लागते, नुसती नकाशावर दाखवून भागत नाही. उरलेल्या १२८.२५ चौ.मी. वर १.१० ने १४१ चौ.मी.च्या आसपास मूळ एफएसआय येतो. दोन मजले मिळून तुमचे ११७ होतात. म्हणजे तुमचा अडसर एफएसआयचा नाही, जमिनीवरच्या जागेचा आहे. खोल्या वाढवायच्या असतील तर बाजूला न पसरता वर जा. मूळ एफएसआय संपला की अॅन्सिलरी (पूरक) एफएसआय आहे, निवासी वापराला ६० टक्क्यांपर्यंत, अधिमूल्य (प्रीमियम) भरून.

मोजपट्टी

वरच्यात भर. ३ / १.५ / १.५ हे आकडे १५ मीटरपेक्षा कमी रुंदीच्या रस्त्यावरच्या, दाट वस्तीबाहेरच्या स्वतंत्र घराला, आणि इमारतीची उंची १५ मीटरच्या आत असेल तरच. रस्ता रुंद झाला की तिन्ही आकडे वाढतात. उंची १५ च्या वर गेली की बाजू आणि मागचं अंतर उंचीच्या एक पंचमांश. १८ मीटरला ३.६० मीटर. जुनं नाशिक, पंचवटी गावठाण या दाट वस्तीचा तक्ता पूर्ण वेगळा आहे, तिथले आकडे इथे आणू नयेत आणि इथले तिथे नेऊ नयेत. 'तीन फूट सोडले की झालं' हे अशाच सरमिसळीतून आलंय. तीन फूट म्हणजे ०.९१ मीटर, तुम्हाला हवेत १.५०.

रो-हाऊसचाही तक्ता वेगळा आहे. १२ मीटर किंवा त्याहून अरुंद रस्त्यावर समोर २.२५, बाजू शून्य, मागे १.५०. मात्र लेआउट रो-हाऊससाठी मंजूर असायला हवा. शेजारी रो-हाऊस उभी आहेत म्हणून आपला स्वतंत्र प्लॉट रो-हाऊस होत नाही.

गुण्या

माझ्या मते इथे खरी चूक नकाशात होत नाही, लाईनआऊटच्या (जागेवर दोरीने आखणी करायच्या) दिवशी होते. नकाशात १.५० लिहिलेलं असतं, जागेवर १.४१ निघतं. कारणं ठरलेली आहेत, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

एक, फूट आणि मीटर. कॉन्ट्रॅक्टर दीड मीटरला 'पाच फूट' म्हणतो. पाच फूट म्हणजे १.५२४. वर २४ मिलिमीटर मिळाल्यासारखे वाटतात, पण बाहेरचं दोन हातांचं प्लास्टर २० ते २५ मिलिमीटरचं असतं, ते तेवढेच खातं. त्यावर दगडी क्लॅडिंग लावलं की आणखी ३०-४० गेले. अंतर मोजलं जातं ते तयार भिंतीच्या बाहेरच्या अंगापासून. विटेपासून नाही, कॉलमच्या मध्यापासून तर नाहीच.

दोन, मध्यरेषा. कॉलमचा मध्य दीड मीटरवर धरला तर २३० च्या भिंतीचा अर्धा भाग, ११५ मिलिमीटर, मार्जिनमध्ये गेला. ही चूक फार वेळा होते, कारण सेंटरलाईनच्या नकाशावर मार्जिन लिहिलेलं नसतं आणि मिस्त्रीच्या हातात तोच एक कागद असतो.

तीन, जोत्याचा पट्टा. खाली दगडी जोतं ३८० किंवा ४५० चं आणि वर वीटकाम २३० चं असेल तर जोतं बाहेर डोकावतं. तपासणीत टेप जोत्याला लागतो.

चार, कंपाउंडची भिंत. शेजाऱ्याने ती त्याच्या हद्दीत बांधली, की मध्यावर, की तुमच्याकडे सरकवून, हे कोणी बघत नाही आणि माप भिंतीपासून घेतलं जातं. माप हद्दीपासून घ्यायचं.

ताईंच्या प्लॉटला हे असं लागू होतं. प्लास्टरसाठी २५ मिलिमीटर सोडा. बाजूला विटेचं बाहेरचं अंग हद्दीपासून १.५२५ वर, कॉलम भिंतीच्या बाहेरच्या अंगाला मिळवून २३० जाडीचे असतील तर मध्य १.६४० वर. समोर जुन्या दगडापासून विटेचं अंग ०.७५ + ३.०० + ०.०२५ = ३.७७५ वर, मध्य ३.८९० वर. मागे मध्य १.६४०.

कोपऱ्यातल्या कॉलमच्या मध्यांमधलं अंतर रुंदीत ५.७२०, खोलीत ९.४७०. दोन्ही कर्ण ११.०६३ यायला हवेत. कर्णात ५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर दोरी सोडून पुन्हा लावा. त्या दिवशी एक तास जास्त गेला तरी चालेल.

प्लॉट मात्र खरंच काटकोनात आहे का ते आधी बघा. ९ × १५ चा कर्ण १७.४९३ येतो. दोन्ही कर्ण तेवढे आले नाहीत तर हद्द तिरकी आहे. मग घर काटकोनात ठेवून प्रत्येक कोपऱ्यापासून हद्दीवर लंब टाकायचा, आणि त्यातला सगळ्यात कमी लंब १.५० च्या खाली जाता कामा नये.

काळीमाती

गुण्या यांच्याकडून बुरज्यांचं (आखणीची दोरी बांधायच्या छोट्या खांबांचं) राहिलं. बाजूला दीडच मीटर असल्यावर खोदाईच्या बाहेर बुरजी बसवायला जागा उरत नाही. खड्डा १.५ × १.५ च्या फूटिंगला किमान १.८ × १.८ चा लागतो. कॉलमचा मध्य १.६४ वर असेल तर खड्ड्याची कड हद्दीपासून ७४ सेंटीमीटरवर येते. अशा वेळी समोर आणि मागे बुरज्या बांधा, बाजूच्या रेषा कंपाउंडच्या भिंतीवर ऑइल पेंटने उमटवा आणि तिथे खिळा ठोका. फक्की (आखणीची पांढरी भुकटी) पहिल्या टोपलीबरोबर जाते, तिच्यावर विसंबून काही ठेवू नका.

मळ्याच्या जमिनीवर पडलेल्या लेआउटमध्ये वर काळी माती असते. कडक मुरूम लागेपर्यंत खाली जावंच लागतं. काळी माती ओली असताना खड्ड्याची बाजू सरळ उभी राहत नाही, शेजाऱ्याच्या भिंतीखालून ढासळते. त्या बाजूचे खड्डे एकदम न उघडता एकाआड एक उघडा, पीसीसी (तळाचं साधं काँक्रीट) आणि फूटिंग भरून माती परत दाबली की मगच मधले. आणि पावसाळ्यात शेजारच्या बाजूची खोदाई काढूच नये. घर नियमात असून शेजाऱ्याचं कंपाउंड पडलं तर भांडण मार्जिनवरच येतं.

पाथर्डीफाटा

खूप उपयोगी. आकडे छापून मिस्त्रींना देणार आहे. दोन प्रश्न अजून.

१. दक्षिणेच्या प्लॉटचे मालकही यंदाच बांधणार आहेत. त्यांच्याशी जोडून घर बांधलं तर एका बाजूची मार्जिन वाचते म्हणतात, ते खरं का?
२. बाजूच्या दीड मीटरमध्ये जिना घेता येईल का? आणि समोर गाडी?

नकाशाघर

पहिलं खरं आहे. सेमी-डिटॅच्ड म्हणून मंजूर करून घेतलं तर एकाच बाजूला १.५० सोडायचं. रुंदी ६.०० ची ७.५० होते, जोतं ७३ चौ.मी.च्या जवळ जातं. त्यासाठी दोन्ही मालकांनी मिळून अर्ज करायचा, नकाशे जुळलेले हवेत आणि दोघांचंही घर खरोखर उभं राहायला हवं. एकाने हद्दीवर भिंत चढवली आणि दुसऱ्याने बेत बदलला तर पहिल्याचं घर मार्जिन न सोडलेलं घर ठरतं. म्हणून दोघांत नोंदणीकृत करार करून घ्या. नुसत्या बोलण्यावर जाऊ नका, चांगले शेजारी असले तरी.

शिवाय हद्दीला चिकटलेल्या कॉलमचं फूटिंग मधोमध बसत नाही, अर्धं शेजाऱ्याच्या जमिनीत जाईल. एकतर दोघांचं मिळून जोड फूटिंग, नाहीतर आतल्या कॉलमला पट्टीबीमने बांधलेलं एका बाजूचं फूटिंग. हे स्ट्रक्चरल डिझायनरला आधीच सांगायचं. खोदाईच्या दिवशी आठवलं तर उपयोग नाही. दोन घरांच्या भिंती वेगळ्या ठेवून मध्ये २५ मिलिमीटर थर्माकोलचा सांधा ठेवा, वर सांध्याला पत्र्याचं झाकण. एकच सामाईक भिंत केली की पुढे एकाला घर पाडायचं किंवा वाढवायचं झालं तर दुसऱ्याचं अडतं.

जिना: नाही. सामासिक जागा आकाशाला उघडी ठेवायची असते. तिथे चालतं ते ठरलेलं आहे: छज्जा ०.७५ मीटरपर्यंत, जमिनीखालची टाकी, चेंबर, मीटरचं पॅनेल, पंपाची छोटी खोली. बाल्कनी १.५ च्या बाजूला घेता येत नाही.

छज्जाबद्दल एक सांगतोच. छज्जावर ग्रिल चढवली, खाली-वर बंद केलं आणि आतून कपाट काढलं की तो छज्जा राहत नाही. नाशिकमध्ये कपाटांवरून कितीतरी इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले वर्षानुवर्षं अडकले होते, कपाट कोंडी हा शब्द इथल्या प्रत्येक बांधकामवाल्याला माहीत आहे. छोट्या घरात तो मोह टाळा.

गाडी: चारचाकीला २.५० × ५.०० मीटर धरतात. समोरच्या ३.०० मध्ये ती सरळ उभी राहत नाही, दोन मीटर रस्त्यावर येईल. आडवी लावायची तर फाटक तसं हवं. दुसरा उपाय म्हणजे तळमजल्यावर समोरची एक खोली मोकळी सोडून स्टिल्ट. पोर्च करायचा असेल तर त्याच्या स्लॅबवर वरच्या मजल्यावरून दार काढू नका. दार दिसलं की तो बसायचा सज्जा धरला जातो.

उपनगर_४२

माझाही प्रश्न इथेच विचारतो. जोत्यापर्यंत काम झालंय. जोत्याच्या दाखल्याआधी मोजलं तर मागच्या एका कोपऱ्यात बाजूचं अंतर १.४१ आहे, पुढच्या कोपऱ्यात १.५० बरोबर. कॉलमच सरकलेला आहे, नुसती भिंत नाही. काय करता येईल?

गुण्या

घर फिरलंय. साडेनऊ मीटर लांबीत ९ सेंटीमीटर म्हणजे अर्धा अंश. दोरी काटकोनात नव्हती एवढाच त्याचा अर्थ. आधी हे खात्रीने करा: हद्द कशावरून धरली? 'क' प्रत (सरकारी मोजणीचा नकाशा) आहे का? कंपाउंडवरून मोजून १.४१ आलं असेल तर हद्दीवरून कदाचित १.५० असेल, किंवा १.३० सुद्धा. सरकारी मोजणीशिवाय यापुढचं सगळं अंदाजाने होईल.

कॉलम तासून कमी करायचा विचार मनात आणू नका. बाहेरचं ४० मिलिमीटर कव्हर सळईला गंजापासून वाचवायला आहे, ते काढलं की घराचं आयुष्य कमी केलं. आतली भिंत आत सरकवूनही भागत नाही, कॉलमचं अंग तिथेच राहतं.

नकाशाघर

उपनगर_४२, तुमच्यापुढे तीन वाटा आहेत.

आयुक्तांना विशेष बाब म्हणून मापात शिथिलता द्यायचा अधिकार युडीसीपीआरमध्ये आहे. अडचण खरी असल्याचं दाखवता यायला हवं आणि आरोग्य, आग, रचना, शेजारी यांना धोका नको. बाजूच्या आणि मागच्या अंतरात ही शिथिलता अधिमूल्य भरून मिळू शकते, सगळे तिला हार्डशिप म्हणतात. पण रस्त्याकडच्या अंतरात ती मिळत नाही. एफएसआय आणि पार्किंगमध्येही नाही. तुमची चूक बाजूला आहे, म्हणून ही वाट तुम्हाला उघडी आहे. समोर असती तर तोडण्यावाचून इलाज नव्हता. अर्जासोबत सुधारित नकाशा जोडा, त्यात १.४१ जसं आहे तसं दाखवा. नकाशात १.५० लिहून शिथिलता मागणारे अर्ज परत येतात.

दुसरी, शेजाऱ्याकडून पट्टी विकत घेऊन एकत्रीकरण. ९ सेंटीमीटरसाठी खर्च आणि वेळ दोन्ही जास्त, आणि शेजाऱ्याची मार्जिन कमी होत असेल तर तो देऊच शकत नाही.

तिसरी, तो एक कॉलम आणि दोन बीमचे तुकडे काढून पुन्हा करणं. जोत्यापर्यंतच काम असल्याने हे ऐकायला वाटतं तेवढं अवघड नाही. एक फूटिंग, सुमारे दोन मीटर कॉलम, दोन बीम. अधिमूल्याच्या आकड्याशी तुलना करून ठरवा. स्लॅब पडल्यावर ही वाट बंद होते.

तोपर्यंत वर काम चढवू नका. मंजुरीच्या विरुद्ध काम चालू दिसलं तर एमआरटीपी (राज्याचा नगररचना) कायद्याच्या कलम ५४ ची काम थांबवण्याची नोटीस येते, ५३ ची काढून टाकण्याची. बांधकाम तसंच पुढे नेलं तर भोगवटा दाखला अडकतो आणि घरपट्टीला शास्ती लागू शकते. तडजोड शुल्क भरून नियमित होतं असं कोणी सांगितलं तर लक्षात ठेवा, ती कलम ५२अ ची योजना ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या बांधकामांसाठी होती. आजच्या घराला ती लागत नाही.

नंदिनीकाठ

नदीनाल्याजवळचे प्लॉट घेणाऱ्यांसाठी: मार्जिनच्याही आधी पूररेषा बघा. निळ्या रेषेच्या (नदीकडची पूररेषा; लाल तिच्या बाहेरची) आत नवीन घर नाहीच. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये असाल तर जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ४५ सेंटीमीटर वर हवं. जोतं उंच गेलं की समोर पायऱ्या आणि उतार वाढतात, त्या ३ मीटरमध्ये कशा बसतील ते नकाशाच्या वेळीच मांडा. १ मीटर उंच जोत्याला १५ सेंटीमीटरच्या सात पायऱ्या, ३० सेंटीमीटरच्या पावठणीने जवळपास दोन मीटर जातात. मग गाडी कुठे, फाटक कुठे? २००८ च्या पुरात गोदाकाठी काय झालं ते नाशिककरांना सांगायला नको, त्यामुळे ही अट जाचक वाटली तरी ती पाळा.

जेलरोड_ज्योती

आमच्या प्लॉटच्या समोरून ११ केव्हीची लाईन गेली आहे. मार्जिन सोडली की तिचं अंतर आपोआप सुटतं का?

मोजपट्टी

ज्योतीताई, नाही. तो वेगळा नियम आहे आणि दोन्हीपैकी जे कडक ते लागू. ११ केव्हीपर्यंत आडवं १.२ मीटर, उभं ३.७ मीटर. ३३ केव्हीपर्यंत आडवं २.०, उभं ३.७. घरगुती दाबाच्या तारांना आडवं १.२, उभं २.५. हे अंतर भिंतीपासून नाही, घराच्या तारेजवळच्या टोकापासून मोजतात, म्हणजे छज्जा, बाल्कनी, गच्चीचा कठडा. तार वाऱ्याने झुलते, तेही धरायचं. लाईन रस्त्याच्या तुमच्या बाजूला असेल आणि ९ मीटरच्या रुंदीकरणात खांब तुमच्या फाटकाजवळ येणार असेल तर पहिल्या मजल्याची समोरची बाल्कनी काढून टाका किंवा महावितरणकडे लाईन सरकवण्याचा अर्ज आधी द्या. स्लॅबच्या शटरिंगवर लांब सळया उभ्या करताना माणसं दगावतात ती याच तारांनी. काम सुरू असताना त्या बाजूला बांबूचा आडोसा बांधाच.

पाथर्डीफाटा

मोजणीचं थोडं सांगाल? आधी मोजणी की आधी नकाशा?

मोजपट्टी

आधी मोजणी. ई-मोजणीवर अर्ज, सोबत सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मंजूर लेआउटची प्रत. लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, त्यांना त्या दिवशी हजर राहायला तुम्हीही सांगा. मोजणीनंतर चारही कोपऱ्यांवर खुणा दाखवल्या जातात, त्याच दिवशी तिथे काँक्रीटमध्ये दगड किंवा सळई पुरा. नुसती खुंटी आठवड्यात हलते. मग 'क' प्रत घ्या आणि तीच आर्किटेक्टला द्या.

उत्तरेच्या घराचं कंपाउंड तुमच्या हद्दीत आलेलं निघालं तर नकाशा टाकण्याआधी मिटवा. तुमची मार्जिन हद्दीपासून मोजली जाते, पण जागेवर तपासायला येणाऱ्याला समोर दिसते ती भिंत. 'क' प्रत हातात असली की वाद तिथेच थांबतो. त्यांनी स्वतः १.५० सोडलंय का हे पाहायचं असेल तर माहिती अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर मंजूर नकाशाची प्रत मागता येते. पण त्यांनी कमी सोडलं म्हणून तुम्हाला कमी सोडता येत नाही, हे आधीच सांगतो.

काळीमाती

ताई, कंपाउंडचंही बघून घ्या, कारण ते आधी बांधलं जातं आणि नंतर रुंदीकरणाच्या रेषेत सापडतं. समोरची भिंत जुन्या दगडावर बांधू नका, ०.७५ आत घ्या. पाया पूर्ण तुमच्या बाजूला, भिंतीचं बाहेरचं अंग रेषेवर. उंची १.५० मीटरपर्यंत, २.४० पर्यंत न्यायची तर वरचे ०.९० जाळीचे. फाटक आत उघडणारं किंवा सरकतं. सरकतं करायचं तर ९ मीटर रुंदीत ३ मीटरच्या फाटकाला बाजूला तेवढीच मोकळी भिंत लागते, तिथे मीटरबॉक्स बसवू नका.

कोपऱ्यावरचा प्लॉट असलेल्यांना वेगळी अट आहे. चौकाकडच्या दोन्ही अंगांना १० मीटरपर्यंत भरीव भिंत ०.७५ मीटरचीच, त्यावर उरलेले ०.७५ जाळी. वळणावर येणाऱ्याला समोरचं वाहन दिसावं म्हणून. शिवाय कोपऱ्याच्या प्लॉटला दुसरी बाजूही रस्त्याचीच, तिथे १.५० धरून चालत नाही.

बाजूच्या दीड मीटरची आखणीही आत्ताच करा. त्यात ४५० × ४५० चे चेंबर, ११० मिलिमीटरचे पावसाच्या पाण्याचे पाईप, एसीचं बाहेरचं युनिट, पुढे रंगकामाची परांची, सगळं यायचंय. सगळे चेंबर एकाच बाजूला, दुसरी बाजू चालायला मोकळी. पाणी उतरणाऱ्या पाईपचं तोंड शेजाऱ्याच्या भिंतीकडे करू नका. जमिनीखालची टाकी समोर ईशान्येला घेणार असाल तर ३.० × १.५ × १.५ ची टाकी पावणेसात हजार लिटरची होते. तिच्या स्लॅबवरून गाडी जाणार असेल तर डिझायनरला ते सांगा, साध्या झाकणाची जाडी पुरत नाही.

नकाशाघर

आणि मुदत. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र एक वर्ष चालतं, दरवर्षी वाढवून घेता येतं, वाढ तीन वर्षांपर्यंत. काम लांबलं तर मुदत संपण्याआधी अर्ज टाका.

पाथर्डीफाटा

आर्किटेक्टशी बोलून ठरवलं. जोतं ६.०० × ९.७५, सेमी-डिटॅच्ड सोडून दिलं कारण दक्षिणेच्या मालकांचा नकाशा वेगळा आहे. जिना आत घेतला. मोजणीचा अर्ज भरला, नकाशा तोपर्यंत थांबवला. समोरची खोली गाडीसाठी मोकळी सोडतोय.

गुण्या सर, कॉलम २३० × ४५० चे आहेत. ४५० ची बाजू कोणत्या दिशेला?

गुण्या

तुमच्या प्लॉटला बाजूच्या कॉलमची ४५० ची लांबी खोलीच्या दिशेने ठेवा, म्हणजे भिंतीतच मावेल आणि आत-बाहेर काही डोकावणार नाही. तरी अंतिम दिशा डिझायनर ठरवेल, बीमच्या लांबीवरून. त्याने आडवी सांगितली तर वाढीव २२० मिलिमीटर खोलीच्या आत घ्यायचे, बाहेर नाही, आणि त्या कॉलमचा मध्य १.६४० वर न राहता १.७५० वर जाईल. ५.७२० चा आकडाही मग बदलेल. आणि ४५० खोलीच्या दिशेने ठेवलं तर कोपऱ्यातल्या कॉलमचे खोलीतले मध्य आत सरकतात, म्हणून ३.८९०, ९.४७० आणि कर्णाचे आकडे बदलतील. सुधारित सेंटरलाईन हातात आल्याशिवाय दोरी लावू नका.